पाळणा हलण्याआधी



सुनेला दिवस गेल्याचे कळले की आपले घर जागे होते. सासू जड घागर उचलू देत नाही. शेजारीण लोणच्याची फोड घेऊन येते. आशाताई वहीत नाव लिहून घेते, उपकेंद्रात कार्ड निघते, गोळ्या मिळतात. २०१७ पासून सुरू झालेल्या मातृवंदना योजनेचे पैसेही गरोदरपणाची नोंद झाल्यावरच खात्यात येतात. हे सारे चांगलेच आहे. आपल्या आज्यांच्या नशिबी एवढेही नव्हते. पण या जागे होण्यात एक मोठी खोट आहे, आणि आजच्या सदरात आम्ही तीच मांडणार आहोत. घर जागे होईपर्यंत बाळाच्या शरीराची काही महत्त्वाची कामे उरकून गेलेली असतात.

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे पटवून द्यावे लागत नाही. जमीन उन्हाळ्यात नांगरतात, ढेकळे फोडतात, शेणखत टाकतात आणि मग पावसाची वाट पाहतात. बी पडल्यावर नांगर घेऊन कोणी निघत नाही. मग बाईच्या शरीराच्या बाबतीतच आपण सगळी मशागत बी पडल्यावर का सुरू करतो?

पहिल्या अठ्ठावीस दिवसांचा हिशेब

बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा एका बारीक नळीपासून तयार होतो. गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत ही नळी दोन्ही टोकांनी मिटते. हे दिवस गर्भ राहिल्यापासूनचे आहेत, पाळी चुकल्यापासूनचे नव्हेत. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे होतात तोच हे काम संपलेले असते. त्या वेळी बऱ्याच जणींना शंकासुद्धा आलेली नसते. कामाच्या दगदगीने पाळी पुढे गेली असेल, असे समजून त्या कापूस वेचत असतात.

ही नळी नीट मिटली नाही तर बाळ पाठीवर उघडी गाठ घेऊन जन्मते, त्याचे पाय लुळे राहू शकतात. कधी डोक्याची कवटीच तयार होत नाही आणि ते बाळ जगत नाही. मग गावात ग्रहणाची, बाधेची, पूर्वजन्मीच्या पापाची चर्चा सुरू होते आणि सगळा दोष आईच्या पदरात पडतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही कधी कधी ही कुजबूज ऐकू येते, हे आम्ही दुःखाने लिहितो.

या व्यंगाची कारणे अनेक असतात, पण एक मोठे कारण माहीत आहे आणि ते टाळताही येते. ते म्हणजे फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाची उणीव. असे मूल आधी झालेल्या स्त्रियांना गर्भ राहण्यापूर्वीपासून या जीवनसत्त्वाची मोठी मात्रा दिली, तेव्हा पुन्हा तसेच मूल होण्याचे प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटले. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने अनेक देशांत केलेल्या चाचणीचा हा निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून जगभरचे डॉक्टर सांगतात की मूल हवे असेल त्या बाईने गर्भ राहण्याच्या निदान एक महिना आधीपासून पहिले तीन महिने पुरे होईपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे. तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवून गोळी सुरू केली तर रक्तासाठी तिचा उपयोग होतो, पण त्या नळीसाठी वेळ निघून गेलेली असते.

गिरणीतल्या बायांनी दिलेले औषध

या औषधाच्या शोधात आपल्या मुंबईच्या कष्टकरी स्त्रियांचा वाटा आहे, हे फार थोड्या जणींना ठाऊक असेल. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये राहून त्यांनी कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या पंडुरोगाचा अभ्यास केला. या बायांचे रक्त इतके उतरत असे की कित्येक जणी बाळंतपणात दगावत. लुसीबाईंनी त्या काय खातात याची चौकशी केली. यीस्टपासून बनवलेला मार्माइट नावाचा एक स्वस्त अर्क त्यांनी रुग्णांना दिला आणि बायांचे रक्त भरू लागले. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कात असलेला गुण पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा काढण्यात आला आणि त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले. मुंबईच्या गिरणी कामगार बायांच्या रक्तातून जगाला जे ज्ञान मिळाले, ते जालन्याच्या मजूर बाईपर्यंत वेळेवर पोहोचू नये, ही खेदाची गोष्ट आहे.

त्याच १९२८ साली, त्याच मुंबईत, बाबासाहेब स्त्री-कामगारांच्या बाळंतपणाविषयी बोलत होते. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात त्यांनी प्रसूती रजेच्या विधेयकाला जोरदार पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार एकट्या बाईने वाहायचा नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला.

बाबासाहेबांना हे दुःख बाहेरून माहीत नव्हते. माता रमाईंनी गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी चार लेकरे गमावली. एकटे यशवंतराव वाचले. गरिबी, अपुरे अन्न, एकामागून एक बाळंतपणे आणि पुत्रशोक सोसून रमाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. आपण दरवर्षी त्यांची जयंती साजरी करतो, त्यांच्या त्यागाची गाणी गातो. पण आपल्याच घरातली सून रमाईंसारखी रोडावत असेल आणि आपल्याला ते दिसत नसेल, तर त्या गाण्यांना अर्थ उरत नाही.

१९३८ च्या नोव्हेंबरमध्ये बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रचाराचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी हजारो स्त्रियांना स्वच्छ राहण्याचे, मुलींना शिकवण्याचे, त्यांच्या लग्नाची घाई न करण्याचे आणि जास्त मुले होऊ न देण्याचे आवाहन केले. आज डॉक्टर ज्याला गर्भधारणापूर्व काळजी म्हणतात, तिचा निम्मा भाग त्या एका भाषणात आला आहे.

आपल्या जिल्ह्याचे चित्र

आता जालना जिल्ह्याकडे वळू. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या दर तीन स्त्रियांपैकी एकीहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधी झाले होते. राज्यात हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते, आपल्याकडे ३५ टक्के. त्याच पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. या दोन गोष्टी एकत्र करा. कोवळे वय, अर्धे रक्त आणि लग्नानंतर वर्षाच्या आत पाळणा. आपल्या गर्भधारणेची सुरुवात इथून होते.

हे असे का होते, याचे उत्तर अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतल्या वाचकांना सांगायला नको. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन टोळ्या ऊसतोडीला निघतात. तिथे एका माणसाला उचल मिळत नाही, जोडप्याला मिळते, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. मुलगा कमावता झाला की कोयता पुरा करण्यासाठी त्याचे लग्न लावतात, आणि वयात आलेल्या मुलीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवायचे या काळजीने तिचे लग्न लावतात. पहाटे तीन-चारला उठून भाकरी, मग फड, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रक भरणे आणि रात्री कोपीत स्वयंपाक. याच काळात तिला दिवस जातात. गावची आशाताई गावात राहते, फडावर बाईची नोंद होत नाही, आणि ती परत येते तेव्हा पाचवा-सहावा महिना चालू असतो.

पाळीचा त्रास, अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे अंगावर काढायचे आणि असह्य झाले की खासगीत पिशवीच काढून टाकायची, हेही याच वाटेवर घडते. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली शासनाच्या समितीने पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. वेळेवर साधे औषध आणि तपासणी मिळाली असती तर यातल्या कितीतरी जणींना ऑपरेशनची गरज पडली नसती.

म्हणून आमची पहिली विनंती लग्नाच्या वयाबद्दल आहे. अठरा पुरी होण्याआधी लग्न लावणे कायद्याने गुन्हा आहे, आणि शरीराच्या दृष्टीनेही ते अन्यायाचे आहे. त्या वयात मुलगी स्वतःच वाढत असते. पोटातले बाळ आणि ती एकाच ताटातले अन्न वाटून घेतात आणि दोघेही उपाशी राहतात. लग्न अठरानंतर झाले तरी पहिले मूल वीस-एकवीसच्या आधी नको. असे लग्न ठरत असल्याचे कळले तर गावच्या ग्रामसेवकाला सांगा किंवा १०९८ या क्रमांकावर कळवा. आणि लग्न होऊन गेले असेल, मुलगी गरोदर असेल, तर गुन्हा दाखल होईल या भीतीने तिला घरात लपवू नका. तिचा जीव आधी, बाकी सारे नंतर.

रक्त, वजन आणि ताट

मूल हवे असे ठरले की निदान तीन महिने आधी बाईने आरोग्य केंद्रात जावे. हिमोग्लोबिन तपासावे. गरोदर नसलेल्या बाईचे ते १२ च्या वर हवे. आठच्या खाली असेल तर डॉक्टरी उपचार तातडीने हवेत, आणि रक्त भरेपर्यंत गर्भ राहू देऊ नये. वजन पाहावे. उंची १५० सेंटिमीटर असेल तर वजन निदान ४२ किलो हवे. त्याहून कमी असेल तर आधी अंग भरू द्यावे.

२०१८ च्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात गरोदर नसलेल्या, मूल होण्याच्या वयातील स्त्रियांनाही आठवड्यातून एक लोहाची लाल गोळी देण्याची तरतूद आहे, तर शाळकरी मुलींना निळी गोळी. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. आशाताईकडे किंवा उपकेंद्रात ती मागून घ्या. मागितल्याशिवाय मिळेल याची वाट पाहू नका. मूल ठरवले असेल तर रोजची फॉलिक ॲसिडची गोळी वेगळी विचारा. आधीचे मूल पाठीच्या व्यंगाचे झाले असेल तर मोठी मात्रा लागते, ती डॉक्टरच ठरवतील. लोहाच्या गोळीने शौचाला काळे होते, थोडी मळमळ होते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. रात्री जेवणानंतर गोळी घेतली तर त्रास कमी होतो. मात्र गोळीवर आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, चहा लोह अंगी लागू देत नाही. जंतांच्या गोळीबद्दलही विचारा, पण ती दिवस जाण्याआधीच घ्या.

खाण्याच्या बाबतीत महागाचे सल्ले आम्ही देणार नाही. बाजरीची भाकरी, हरभरा, मटकी, चवळी, शेंगदाणे, मेथी, तांदुळजा, घोळ, करडईची भाजी, शेवग्याचा पाला हे आपल्याच शिवारातले अन्न आहे. बांधावरच्या पालेभाज्या खुडून आणणाऱ्या आपल्या आज्यांना जीवनसत्त्वांची नावे माहीत नव्हती, पण ताट माहीत होते. अंडी, मासे, सुकट, मटण, अधूनमधून कलेजी, जे परवडेल ते खावे, त्यातले लोह अंगी लवकर लागते. भाजी लोखंडी कढईत करावी. आणि आपला जिल्हा तर मोसंबीचा. जेवणासोबत मोसंबी किंवा लिंबाची फोड घेतली तर भाजीतले लोह अंगी लागते. जालन्याची मोसंबी गाड्या भरून बाहेर जाते, ती तोडणाऱ्या बाईच्या वाट्याला मात्र फोडसुद्धा येत नाही, हे बदलले पाहिजे.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ ते २०१२ या काळात डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठा प्रयोग केला. साडेसहा हजार स्त्रियांपैकी निम्म्या जणींना दिवस जाण्याआधीपासून रोज पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला खाऊ दिला. उरलेल्यांचा खाऊ साध्या, कमी पोषण असलेल्या भाज्यांचा होता. ज्यांनी गर्भ राहण्याच्या निदान तीन महिने आधी पालेभाजीचा खाऊ सुरू केला, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरले, आणि गरोदरपणात होणारा मधुमेह त्यांच्यात बराच कमी आढळला. पण एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्या बाया मुळातच अगदी काटकुळ्या होत्या, त्यांच्या बाळांना या खाऊचा तसा लाभ झाला नाही. वर्षानुवर्षांची उपासमार एका वडीने भरून निघत नाही. मुलीचे ताट तिच्या लहानपणापासूनच भरलेले हवे.

आपण व्रतवैकल्ये सोडली, उपास सोडले, याचा आम्हाला अभिमान आहे. पण बाईने सगळ्यांच्या शेवटी, उरलेसुरले खायचे ही रीत अजून आपल्या घरात ठाण मांडून बसली आहे. सिद्धार्थाने शरीर कष्टवून पाहिले आणि उपाशी देहाने सत्य सापडत नाही हे ओळखून सुजाताची खीर स्वीकारली. सुजाताच्या हातची खीर सगळ्यांना आठवते. आपल्या घरातल्या सुजाताने स्वतः काय खाल्ले, हे विचारणारे कोणी हवे. आजपासून घरातली सगळी माणसे एका पंगतीला बसावीत, हा एवढाच नियम करा. त्याला पैसा लागत नाही.

पाचवे शील कोणासाठी?

दारू, तंबाखूबद्दल बोलताना आपण पुरुषांकडे बोट दाखवतो आणि ते योग्यच आहे. पण मिश्रीचे काय? पहाटे उठल्यावर मिश्रीचे बोट तोंडात गेल्याशिवाय आपल्या कितीतरी भगिनींचा दिवस सुरू होत नाही. भूक मरते, थकवा जाणवत नाही, म्हणून ती लागते. मुंबईतील बाराशेहून अधिक गरोदर स्त्रियांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मिश्री आणि तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची बाळे इतरांच्या बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. वर सांगितलेल्या पौष्टिक खाऊने जेवढे वजन मिळाले, त्याच्या दुप्पट वजन चिमूटभर मिश्री हिरावून घेते. दिवस गेल्यावर सोडू म्हणणाऱ्या बहुतेकींची ती सुटत नाही. म्हणून आधीच सोडा.

घरातल्या पुरुषाची विडी आणि दारूही बाळाच्या मुळावर येते. बिडीचा धूर बायकोच्या छातीत जातो, दारूत गेलेली मजुरी तिच्या ताटातून जाते, आणि व्यसनाने पुरुषाचे बीजही दुबळे होते. मूल होत नाही म्हणून सुनेला घराबाहेर काढण्याआधी मुलाची तपासणी करा. दोष पुष्कळदा पुरुषात असतो. आणि मुलगा की मुलगी हे तर बापाच्याच बीजावर ठरते.

लग्न जुळवताना रक्त पाहा

आपण पत्रिका पाहत नाही, गुण जुळवत नाही. पण एक गोष्ट जरूर जुळवावी. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार महाराष्ट्रात आदिवासी समाजात आणि विदर्भातील आपल्या बौद्ध कुटुंबांत बऱ्याच प्रमाणात आढळतो. जालन्याची सोयरीक बुलढाणा, वाशीम, अकोल्यापर्यंत जाते, त्यामुळे हा विषय आपलाही आहे. एकच सदोष गुण असलेला माणूस वाहक असतो. तो निरोगी असतो, त्याला काही होत नाही. नवरा-बायको दोघेही वाहक असले तर मात्र प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. दोघांपैकी एकच वाहक असेल आणि दुसरा निरोगी असेल, तर मूल आजारी होत नाही.

लग्नाआधी एक साधी रक्ततपासणी करून घेतली की हे कळते. १ जुलै २०२३ पासून या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. वाहक असणे म्हणजे कलंक नव्हे. ज्या भागात पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथल्या माणसांच्या रक्तात हा गुण टिकला, एवढेच. याच्या आडून कोणी जातीच्या, शुद्ध-अशुद्ध रक्ताच्या गोष्टी करत असेल तर त्याला तिथेच थांबवा. आणि मामाची मुलगी करण्याची जी चाल आपल्याकडे आहे, तिचाही फेरविचार करा. जवळच्या नात्यातल्या लग्नात दोघांकडे एकच लपलेला दोष असण्याची शक्यता वाढते.

आणखी काही गोष्टी

डॉक्टरांना हे प्रश्न विचारून घ्या. रक्तदाब, साखर, थायरॉइड ठीक आहे ना? एचआयव्ही, गुप्तरोग आणि कावीळ ब यांची तपासणी झाली का? रक्तगट निगेटिव्ह आहे का? फिट्सची, क्षयाची किंवा दुसरी कोणती गोळी चालू असेल तर मूल ठरवण्याआधी सांगा. फिट्सची काही औषधे गर्भाला बाधतात, ती बदलून मिळतात. पण आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नका. रुबेलाची लस घेतली नसेल तर ती दिवस जाण्याआधीच घ्यावी लागते आणि नंतर एक महिना गर्भ राहू द्यायचा नसतो. अंगावरून पांढरे जात असेल, वास येत असेल, तर लाजू नका. त्यावर औषध आहे.

दोन मुलांत अंतर ठेवा. एक मूल झाल्यावर निदान दोन वर्षे पुन्हा दिवस जाऊ देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. तांबी, निरोध, आठवड्याची छाया गोळी, तीन महिन्यांचे अंतरा इंजेक्शन हे सारे सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. मूल पडले असेल तर शरीराला आणि मनालाही सावरायला वेळ द्या. ‘लगेच दुसरे राहू दे, विसरशील’ असे तिला म्हणू नका.

विहारात काय करता येईल?

पेठ आणि सिन्नर या नाशिक जिल्ह्यातील तालुक्यांत २०१८ च्या सुमारास युनिसेफच्या मदतीने, मूल होऊ पाहणाऱ्या स्त्रियांना दिवस जाण्याआधीच हुडकून काळजी घेण्याचा उपक्रम झाला. आपल्याकडे असे काही होण्याची वाट पाहत बसण्याची गरज नाही. आपल्याजवळ विहार आहे, महिला मंडळ आहे आणि वर्षावास आहे.

वर्षावास आषाढी पौर्णिमेला सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला संपतो. बरोबर तीन महिने. डॉक्टर मूल ठरवण्याआधी जो किमान काळ सांगतात, तोही तेवढाच. या काळात गावोगावी विहारांत बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते, बाया रोज एकत्र येतात. आणि वर्षावास संपतो न संपतो तोच टोळ्या फडावर निघतात. फडावर जाणाऱ्या मुलीचे रक्त भरायला याहून चांगली वेळ नाही.

आमची सूचना साधी आहे. आषाढी पौर्णिमेला आशाताईला आणि परिचारिकेला विहारात बोलवा. अठरावरच्या सगळ्या लेकी-सुनांचे हिमोग्लोबिन आणि वजन तपासून एका वहीत लिहा. दर रविवारी वंदनेनंतर सगळ्यांनी मिळून लाल गोळी घ्यावी. ज्यांना मूल हवे आहे त्यांनी आशाताईच्या कानावर घालावे, म्हणजे रोजची गोळी सुरू होईल. ज्यांना नको आहे त्यांना साधन मिळेल. आश्विन पौर्णिमेला पुन्हा तपासणी करून वहीतला आकडा पाहावा. टोळीबरोबर जाणाऱ्या बाईला गोळ्यांची पाने आणि तिची आरोग्याची नोंद सोबत द्यावी. अवघड तपासण्यांसाठी ग्रामीण रुग्णालय आणि जालन्याचे जिल्हा स्त्री रुग्णालय आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. कोणी पैसे मागितले तर पावती मागा.

तथागतांनी आजारी भिक्खूची सेवा स्वतःच्या हाताने केली आणि आजाऱ्याची सेवा म्हणजेच आपली सेवा असे शिष्यांना शिकवले. आजारी पडण्याआधीच जिची काळजी घेता येते, तिची काळजी घेणे हाही धम्मच आहे. येत्या पौर्णिमेला विहारात जाताना हा अंक सोबत न्या आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. सासूबाईंना आवर्जून पुढे बसवा. घरातल्या ताटाची आणि तारखेची चावी अजून त्यांच्याच कमरेला आहे, आणि त्यांनी मनावर घेतले तर पुढच्या वर्षीच्या पाळण्यातले बाळ पाव-अर्धा किलोने तरी जड असेल, अशी आम्हाला आशा आहे.

जयभीम!